परतणाऱ्याची जागा

१६५९ साली कल्याण, भिवंडी आणि पनवेलच्या खाड्यांकाठी शिवाजी महाराजांची जहाजं बांधली जात होती. वसईच्या पोर्तुगीजांना हे कळलं, तेव्हा त्यांना जहाजांइतकीच काळजी वाटली ती बांधणाऱ्या माणसांची. या कामावर देखरेख करणारा रुय लैतांव व्हियेगस हा त्यांच्यातलाच होता, आणि त्याच्याबरोबर बायकामुलांसह तीनशेहून अधिक पोर्तुगीज मंडळी इथे राहत होती. वसईच्या कॅप्टनने आतून निरोप धाडले, समजूत घातली, आणि ही सगळी माणसं काम टाकून निघून गेली.

हा प्रसंग आपल्याकडे बहुधा फितवल्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरंच दिसतं. कारागीर गेले तरी आरमार थांबलं नाही. १६६५च्या फेब्रुवारीत बसरूरच्या स्वारीवर महाराज समुद्रमार्गे निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर ८५ गलबतं आणि ३ मोठी जहाजं होती. ही सगळी कुणाच्या हातची? व्हियेगसच्या शेजारी उभे राहून जे सुतार आणि लोहार फळीला फळी भिडवत होते, ज्यांची नावं एकाही कागदात नाहीत, त्यांच्या हातची असलीच पाहिजेत. परक्याचं कौशल्य त्याच्याबरोबर येतं आणि त्याच्याबरोबरच जातं. मागे उरतं ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात जेवढं उतरलं तेवढंच. कामाच्या जागी होणाऱ्या देशोदेशींच्या देवाणघेवाणीबद्दल मला जे म्हणायचं आहे त्याचं मूळ या पनवेलच्या खाडीत आहे.

आज या देवाणघेवाणीसाठी मोठमोठे शब्द वापरले जातात. कौशल्यविकास, जागतिक दर्जा, मनुष्यबळाची गतिशीलता. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला मात्र प्रत्यक्षात दोनच दारं दिसतात. पहिलं दार अधिकाऱ्याचं. कंपनी किंवा बंदर त्याला पंधरा दिवस, फार तर दीडदोन महिने परदेशी पाठवतं. तो पाहतो, ऐकतो, प्रमाणपत्र घेतो, परत येतो. त्याची खुर्ची त्याची वाट पाहत असते, पण त्याच्या हातात काम नसतं. दुसरं दार कामगाराचं. तो एजंटामार्फत जातो, तीन-पाच वर्षं राबतो, त्याच्या हातात काम असतं, पण इथे त्याची वाट पाहणारी जागा नसते. एकाकडे जागा आहे आणि काम नाही, दुसऱ्याकडे काम आहे आणि जागा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येतील, असं तिसरं दार आपण बांधलेलंच नाही. माझी सगळी तक्रार आणि सगळी मागणी एवढीच आहे.

पहिल्या दाराने मी स्वतः गेलो आहे. या किनाऱ्यावरच्या एका रसायन कारखान्यात मी देखभाल विभागात इंजिनिअर होतो, आणि नव्वदच्या दशकात कंपनीने मला सहा आठवडे युरोपातल्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरची दुरुस्ती शिकायला पाठवलं. मी मन लावून शिकलो. वही भरली. तिथला फिटर आपल्या कामाच्या कार्डावर स्वतः सही करतो आणि मगच मशीन सुरू होतं, हे पाहून मी भारावून गेलो होतो. परत येऊन चाळीस पानांचा अहवाल लिहिला. तो साहेबांच्या टेबलावर गेला, तिथून कपाटात गेला. त्याबद्दल मला वरून कुणी एक प्रश्न विचारला नाही. प्रश्न विचारला तो आमच्या एका हेल्परने, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता: "साहेब, तिकरं कपलिंग कारताना खाली कोन बसतं?"

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या मशीनचं कपलिंग सोडवताना एक माणूस खाली, अडचणीच्या जागी, वाकून बसतो. वरचं वजन सरकलं तर पहिला धोका त्याला. आमच्याकडे तिथे तोच बसायचा. आणि मला उत्तर माहीत नव्हतं. तिकडे कपलिंग निघालं तेव्हा मी वरच्या प्लॅटफॉर्मवर मॅनेजरशेजारी उभा राहून तापमानाच्या नोंदी उतरवत होतो. खाली कुणी बसलं होतं की नाही, नसेल तर ते काम त्यांनी कशाच्या मदतीने केलं, हे मी पाहिलंच नव्हतं, कारण मी कधी तिथे बसलेलो नव्हतो. जो तिथे बसतो त्याचे डोळे पहिल्या दिवशी तिकडेच गेले असते. त्या सहा आठवड्यांसाठी चुकीचा माणूस निवडला गेला होता, हे मला त्या डब्यासमोर कळलं, आणि आजही ते आठवलं की मला वाईट वाटतं.

म्हणून पहिला मुद्दा निवडीचा आहे. परदेशी कामाच्या जागी जाऊन काय शिकायचं हे ज्याचं शरीर त्या कामात आहे त्यालाच ठाऊक असतं. न्हावा शेवा बंदराचं उदाहरण घेऊ. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरातून आता वर्षाला ७० लाखांहून अधिक कंटेनरांची उलाढाल होते, वीस फुटी कंटेनर हे माप धरून. बेल्जियममधल्या ॲंटवर्प बंदराचं प्रशिक्षण केंद्र १९७७ पासून जगभरच्या बंदरांतल्या लोकांना शिकवत आलं आहे. आपले लोकही तिथे गेले आहेत, आणि न्हावा शेव्याने ॲंटवर्पच्या साहाय्याने आपल्याकडे संयुक्त प्रशिक्षण केंद्रही काढलं. ही चांगली गोष्ट आहे. पण अशा अभ्यासवर्गांचा रोख मुख्यतः व्यवस्थापन, नियोजन, पर्यावरण, दरपत्रकं यांवर असतो आणि म्हणून तिथे जाणारा माणूस व्यवस्थापकच असतो. क्रेनच्या केबिनमध्ये आठ तास मान खाली घालून बसणारा, कंटेनरवर चढून लॅशिंगचे रॉड सोडवणारा, पावसात ओल्या डेकवर उभा राहणारा माणूस त्यात बसत नाही. ॲंटवर्पमध्ये मात्र गोदी कामगाराचं काम १९७२च्या कायद्याने फक्त मान्यताप्राप्त कामगारांसाठी राखून ठेवलेलं आहे, आणि त्या मान्यतेच्या पाठी प्रशिक्षण आहे. म्हणजे त्या बंदरात शिकण्यासारखं जे आहे त्याचा मोठा भाग कामगाराच्या हातात आहे, आणि आपण तिथे कामगार पाठवत नाही.

यात एक जुनी जखमही आहे. १९८४च्या जानेवारीत याच भागातल्या जासई आणि दास्तान फाट्यावर शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व पुढे आलं. जमिनीचा मोबदला मोजता येतो म्हणून त्यावर भांडता आलं. कौशल्याचा मोबदला मात्र कुणी मागितलाही नाही आणि कुणी देऊही केला नाही. ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर बंदर आलं त्यांच्या नातवंडांना त्या बंदरात जगातलं सगळ्यात चांगलं काम शिकण्याचा पहिला हक्क असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. कंत्राटदाराकडची हेल्परची नोकरी म्हणजे तो हक्क नव्हे.

आता कुणी म्हणेल की असा कामगार पाठवून, शिकवून, परत आणण्याची रीत आपल्याकडे कधी होती? होती, आणि ती याच पाण्याच्या पलीकडच्या काठावर होती. मुंबईची गोदी वाडिया घराण्याने उभी केली. १८१७ साली तिथे बांधलेलं ट्रिंकोमाली हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. पण १८३०च्या दशकात वाफेची जहाजं आली आणि या घराण्याच्या पिढीजात विद्येला धक्का बसला. तेव्हा १८३८ साली जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण इंग्लंडला गेले आणि चॅथमच्या सरकारी गोदीत जहाजबांधणी शिकले. अडीच वर्षांच्या त्या मुक्कामाचं पुस्तक त्यांनी १८४१ मध्ये छापलं. ते दोघे गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, त्यांचेच नातलग अर्देशीर करसेटजी गेले. यंत्रविद्येतल्या कामाबद्दल १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो निवडले गेले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. परतल्यावर मुंबईच्या वाफेच्या कारखान्यावर ते मुख्य अभियंता आणि यंत्रनिरीक्षक झाले. त्यांच्या हाताखाली युरोपियन माणसं होती, आणि त्यावरून मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात नाराजी उमटली.

या गोष्टीत विद्वत्तेपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. हे तिघेही जाण्याआधी काम जाणत होते. अर्देशीरांनी तर मुंबईत स्वतः वाफेचं इंजिन बनवलं होतं आणि १८३४ मध्ये माझगावच्या घरात गॅसचे दिवे लावले होते. त्यामुळे इंग्लंडमध्ये काय विचारायचं हे त्यांना ठाऊक होतं. ते महिने मोजून गेले नाहीत, वर्षं देऊन गेले. आणि परत आले तेव्हा त्यांच्यासाठी जागा होती, ती सुद्धा जिथे शिकलेलं वापरता येईल अशी. वाडियांच्या घरात हे जमलं कारण गोदी, कुटुंब आणि पैसा एकाच ठिकाणी होता. आपला प्रश्न असा आहे की ज्याच्या घरात गोदी नाही त्याच्यासाठी हे कोण जमवणार?

याचं उत्तर समुद्राने केव्हाच शोधून ठेवलं आहे. न्हावा गावात ट्रेनिंग शिप रहमान ही संस्था शंभराहून अधिक वर्षं दर्यावर्दी तयार करते आहे. तिथून किंवा अशाच संस्थेतून बाहेर पडलेला डेक कॅडेट जहाजावर जातो. जहाज पनामाच्या झेंड्याचं, मालक ग्रीक, कप्तान युक्रेनी, खलाशी फिलिपिनो असू शकतात. कौशल्यासाठी परदेशी कामाच्या जागी जाण्याचा इतका रोजचा, इतका रुळलेला नमुना जमिनीवर दुसरा नाही. वर्षभराचा पूर्वअभ्यास केलेल्या कॅडेटला १८ महिने समुद्रावर काढावे लागतात. त्याच्याजवळ प्रशिक्षण नोंदवही असते. नांगर टाकताना तो हजर होता का, त्याने नकाशावर मार्ग आखला का, जीवरक्षक होडी उतरवली का, अशा प्रत्येक कामापुढे जहाजावरच्या जबाबदार अधिकाऱ्याची सही लागते. परतल्यावर परीक्षा, परीक्षेनंतर पुढची पायरी, आणि ते प्रमाणपत्र १९७८च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे जगभर ओळखलं जातं. २००६च्या सागरी श्रम करारानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला मनाई आहे.

हे सगळं निर्मळ चालतं असं मी म्हणत नाही. जहाजावर जागा मिळवून देतो म्हणून लाखो रुपये उकळणारे आणि पोराला कुठल्या तरी बंदरात अडकलेल्या गंजक्या जहाजावर सोडून देणारे दलाल याच किनाऱ्यावर फिरतात. पण फसवणूक झाली तर ती फसवणूक आहे असं म्हणायला नियम आहे. वही आहे, सही आहे, परीक्षा आहे, पुढची पायरी आहे. जमिनीवरच्या फिटरला यातलं काय आहे? तो दुबईत सहा वर्षं वेल्डिंग करून परत आला तर तो तिथे काय शिकला याचा एक कागद त्याच्याजवळ नसतो. इथला कंत्राटदार त्याला पुन्हा पहिल्यापासून चाचणी द्यायला लावतो आणि नवख्याच्या दराने घेतो. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडची निम्मी घरं आखाताच्या पैशावर उभी आहेत असं म्हटलं तर ते फारसं अतिशयोक्त होणार नाही. पैसा आला, घरं आली. त्या माणसांच्या हातात जे आलं ते मात्र गावात उतरायला जागाच मिळाली नाही. बरेचसे परत येऊन रिक्षा घेतात किंवा दुकान टाकतात.

कागदावर फार सुंदर असलेली योजना माणसाला कशी गिळते हे पाहायचं तर जपानकडे पाहावं. १९९३ साली जपानने तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना सुरू केली. उद्देश असा लिहिला होता की विकसनशील देशांतल्या तरुणांनी जपानी कारखान्यांत काम करत शिकावं आणि ते कौशल्य मायदेशी न्यावं. भारताने २०१७ मध्ये तिच्यात सहभागाचा करार केला. पण जपान म्हातारा होत होता, कारखान्यांना आणि शेतांना हात हवे होते, आणि प्रशिक्षणार्थी म्हणजे स्वस्त हात असा अर्थ हळूहळू रूढ झाला. प्रशिक्षणार्थ्याला मालक बदलता येत नव्हता. ज्याचा मालक वाईट निघाला त्याच्यापुढे सोसणं किंवा पळून जाणं एवढेच मार्ग होते, आणि हजारोंनी पळून जाणं पसंत केलं. शेवटी जपानच्याच संसदेने २०२४ मध्ये ही योजना मोडीत काढून २०२७ पर्यंत नवी पद्धत आणण्याचा कायदा केला. नव्या पद्धतीत ठरावीक अटींवर मालक बदलता येईल. पण कौशल्य मायदेशी नेण्याचा उद्देश त्यांनी सोडून दिला. आता तिथेच राबणारे कुशल हात तयार करणं हाच उघड हेतू आहे. मला यात जपानचा प्रामाणिकपणा दिसतो. आपण मात्र अजूनही अशा योजनांची जाहिरात कौशल्यविकास म्हणूनच करतो.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी केलेल्या कराराकडेही मी याच नजरेने पाहतो. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक अशा अनेक कामांसाठी माणसं पाठवायची, सुरुवातीला दहा हजार, आणि जर्मन भाषा सरकारी खर्चाने शिकवायची. भाषेचा खर्च सरकारने उचलला हे मनापासून स्वागत करण्यासारखं आहे, कारण एजंटाच्या तावडीतला पहिला हप्ता तिथेच असतो. पण त्यासाठी वापरलेला शब्द आहे ‘कुशल मनुष्यबळ पुरवठा’. पाणीपुरवठा, वीजपुरवठा, तसा मनुष्यबळ पुरवठा. पुरवलेली वस्तू परत येत नाही. जर्मनीत घेण्यासारखं सगळ्यात मोठं जे आहे ती त्यांची शिकाऊ कामगारांची पद्धत: आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, उरलेले दिवस कारखाना, दोन ते साडेतीन वर्षं, आणि शिकवणारा ‘माइस्टर’ स्वतः परीक्षा देऊन मान्यता मिळवलेला. आपल्याकडे १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, गावोगाव आयटीआय आहेत. कमी आहे ती त्या माइस्टरची. तिथे जाऊन शिकवायचं कसं हे शिकलेले शंभर जुने मिस्त्री जर पनवेल, पेण, अलिबाग, महाडच्या आयटीआयमध्ये परतले, तर त्याची किंमत दहा हजार माणसं पुरवण्यापेक्षा जास्त आहे. त्या शंभरांसाठी करारात कलम घालायला कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही. ते मागायला हवं होतं.

कधी कधी तर परदेशी कामाची जागाच आपल्या दारात येते. अटल सेतूचं तसं झालं. शिवडीपासून न्हावा शेव्यापर्यंतचा हा २१.८ किलोमीटरचा पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. जपानी कर्ज, जपानी आणि कोरियन कंपन्यांची भागीदारी, आणि भारतात पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणावर वापरलेली पोलादी डेकची रचना. त्या डेकचे भाग जपान, व्हिएतनाम, तैवान, म्यानमारमध्ये तयार होऊन जहाजाने आले आणि उरणजवळ करंजाला जोडले गेले. करंजा! जिथे कोळ्यांच्या होड्यांसाठी पिढ्यान्पिढ्या लाकडाला लाकूड जोडलं गेलं, तिथे जगातलं अवघड पोलादी जोडकाम काही वर्षं रोज चाललं होतं. १६५९ची पनवेलची खाडी इथून जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे. त्या यार्डात परदेशी तज्ज्ञांशेजारी कोण उभं होतं, त्यांच्या हातात काय उतरलं, आणि पूल झाल्यावर ते हात कुठे गेले, याची नोंद ठेवणं कुणाचंच काम नव्हतं. मोठ्या प्रकल्पाच्या निविदेत सिमेंटची प्रत असते, पोलादाची प्रत असते, दिरंगाईचा दंड असतो. इतक्या स्थानिक वेल्डरांना या दर्जाचं काम शिकवून, परीक्षा घेऊन, नोंदवहीसह मोकळं करायचं, अशी एक अट घालणं अशक्य नाही. वाढवणच्या बंदराचं काम आता सुरू झालं आहे, आणि ते करणाऱ्या कंपनीत न्हावा शेवा बंदराचाच मोठा वाटा आहे. करंजात हुकलेली गोष्ट तिथे तरी करता येईल.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, गेलेला माणूस परत येणार नाही. काही येणार नाहीत, खरंच. पण आपण त्यावर जे उपाय शोधतो ते भीतीचे असतात: बॉण्ड, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं, घरच्यांची हमी. ज्याला बांधून परत आणलं तो हातचं राखूनच काम करतो. सरकारी नोकराला आपण वेगळी वागणूक देतो. तो परदेशी प्रतिनियुक्तीवर गेला तर मूळ पदावर त्याचा धारणाधिकार राहतो. त्याची जागा, ज्येष्ठता, निवृत्तिवेतन सगळं शाबूत. म्हणून तो परत येतो. धारणाधिकार हा शब्द कामगाराच्या आयुष्यात आणला तर परतण्याच्या प्रश्नाचा निम्मा भाग सुटेल. कंत्राटी कामगाराला जागा देणं कायद्याने अवघड आहे, असं मला सांगितलं जाईल. मग या देवाणघेवाणीसाठी निवडलेल्याला आधी कायम करा. ज्याच्यावर तुम्ही वर्षभर खर्च करणार आहात, त्याला कायम करायची तुमची तयारी नसेल, तर तुम्हाला तो शिकायला नकोच आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि व्हिसाचा. खर्चाबद्दल एवढंच म्हणतो की न्हावा शेव्यातली टर्मिनलं चालवणाऱ्या कंपन्यांपैकी एक सिंगापूरची, एक दुबईची, एक डॅनिश मूळ असलेली आहे. त्यांची टर्मिनलं जगभर आहेत. एका टर्मिनलवरचा क्रेन ऑपरेटर सहा महिने दुसऱ्या टर्मिनलवर पाठवायला त्यांना कुठल्या सरकारच्या तहाची गरज नाही. व्हिसाची अडचण मात्र खरी आहे. एकाच कंपनीत एका देशातून दुसऱ्या देशात बदली होऊन येणाऱ्यांसाठी युरोपीय संघाने २०१४ मध्ये नियम केला. त्यात व्यवस्थापक आहेत, विशेषज्ञ आहेत, आणि प्रशिक्षणार्थी कर्मचारीही आहेत, पण प्रशिक्षणार्थ्याकडे विद्यापीठाची पदवी हवी. म्हणजे आयटीआय केलेला, वीस वर्षं कॉम्प्रेसर उघडून बसवणारा फिटर तिथे शिकाऊ म्हणून पाऊल ठेवू शकत नाही, आणि गेल्या वर्षी पदवी घेतलेलं पोर ठेवू शकतं. याच युरोपने स्वतःच्या शिकाऊ कामगारांना एका देशातून दुसऱ्या देशातल्या कारखान्यात पाठवण्याच्या योजना १९९०च्या दशकापासून चालवल्या आहेत. व्यापारकरारांच्या वाटाघाटींत आपण आयटीवाल्यांच्या व्हिसासाठी भांडतो. फिटरसाठीही भांडायला हवं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचतो. देवाणघेवाण म्हणता, पण देणार काय? तिकडचा माणूस आपल्याकडे काय शिकायला येईल? या प्रश्नामागे आपण घेणारेच आहोत, ही मनात मुरलेली समजूत आहे. अलिबागला समुद्राजवळ एक शांत दगडी वेधशाळा आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म उपकरणं बिघडली असती. तेव्हा नानाभाई मूस या संचालकांनी, हे एडिंबरोला शिकून आलेले आणि कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक, १९०४ मध्ये ही उपकरणं अलिबागला हलवली. हलवताना त्यांनी एक गोष्ट फार विचाराने केली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन जागांमधला फरक नेमका कळेल आणि मालिका तुटणार नाही. त्यामुळे आज जगातल्या दीर्घ, सलग चुंबकीय नोंदींत अलिबागचं नाव आहे, आणि सौर वादळांचा अभ्यास करणारे परदेशी शास्त्रज्ञ या नोंदी मागतात. एडिंबरोला शिकलेलं मूसांनी इथे वापरलं आणि आता जगाला इथलं लागतं. देवाणघेवाण याला म्हणतात. खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात लोखंड, विजेची पॅनेलं आणि मोटारी जिवंत ठेवायची कला आमच्या किनाऱ्यावरच्या फिटरांकडे आहे. थंड, कोरड्या देशातल्या तंत्रज्ञाला ती पुस्तकात मिळणार नाही. त्याने इथे येऊन जून ते सप्टेंबर काढावेत. त्याच्या शेजारी आमचा माणूस उभा असेलच, आणि दोघांनाही फायदा होईल.

मूसांच्या त्या दोन वर्षांचा विचार मी पुष्कळदा करतो. परदेशाहून शिकून आलेल्या कामगाराला आपण पहिल्या सोमवारी जुन्या कामावर जुन्या पद्धतीने उभं करतो. त्याऐवजी काही महिने जुनी आणि नवी रीत शेजारी शेजारी चालू द्यावी. एक जोडी जुन्या पद्धतीने कपलिंग काढेल, एक नव्या. वेळ मोजावा, दुखापती मोजाव्यात, काय जमलं नाही ते लिहावं. आलेल्या माणसाची नोंदवही गटात वाचली जावी, ती त्याच्याच भाषेत असावी, आगरीत असली तरी चालेल. तिकडचं सगळं इथे चालणार नाही. कुठलं चालणार नाही हे सुद्धा अशा जोडकामातूनच कळतं.

ज्याने मला तो प्रश्न विचारला तो हेल्पर आता निवृत्त झाला आहे. गेल्या वर्षी तो आपल्या धाकट्या मुलाला घेऊन माझ्या घरी आला. मुलगा आयटीआय फिटर, तीन वर्षांसाठी जपानला निघालेला. करारातले शब्द मी समजावून सांगावेत अशी त्यांची इच्छा होती. मी सगळी पानं वाचली. कामाचे तास होते, ओव्हरटाइमचा दर होता, खोलीचं भाडं पगारातून किती कापलं जाईल ते होतं, विमा होता. मुलगा शांतपणे ऐकत होता, बाप माझ्या बोटाकडे बघत होता. शेवटच्या पानावर परतण्याबद्दल एक कलम होतं. परतीच्या तिकिटाचा खर्च कोण देईल, ते त्यात लिहिलं होतं. मी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती.